खाडीतलं कुरण

आबा, आज मी तुमचं ऐकणार नाही, हे आधीच सांगते.

म्हसवड मागे टाकून मेंढरं घेऊन निघालो होतो आणि फलटणच्या अलीकडच्या माळावर आपला तळ पडला होता. अजून डोळ्यांपुढे आहे: मी लहान आहे, तळ उठतोय, घोड्यावर भांडी लादून झालीत, आईच्या चुलीचे दगड अजून गरम आहेत. मला तिथून हलायचं नाही म्हणून मी रडतेय. तुम्ही खेकसता, "गप चल. माळ काय तुझ्या बाचा हाय व्हय? करपला की निघायचं. थांबलं की मेंढरं मरत्यात." तुमचं खरं होतं. त्या चालण्यावरच आम्ही भावंडं वाढलो.

पण मी ज्या गवताच्या नादी लागले, त्याला पाय नाहीत. कोकणातल्या एका खाडीत पाण्याखाली त्याचं कुरण होतं. कारखान्याच्या सांडपाण्यानं ते कुजलं. आता सांडपाणी थांबलंय, पाणी निवळलंय, तरी गवत आपणहून परतलं नाही. म्हणून शेजारच्या खाडीतून मुळांसकट गड्डे आणून आम्ही ओहोटीला चिखलात लावतो. पहिल्या खेपेला मी माणदेशी अक्कल चालवली, लागवडीभोवती काट्यांचं कुंपण घातलं. त्यात खाडीभरचं प्लास्टिक अडकलं आणि गवत गुदमरलं. सोबतची कोळीण पोट धरून हसली, "अगो, हंय बकरी येतली काय?" दुसरी लागवड लाटांनी नेली.

आता धाकटा इथं येऊन मागे लागलाय. "आक्का, सांगलीच्या कॉलेजात पक्की नोकरी मिळतीय. चिखलात किती रुतणार? आबा असते तर कवाच म्हणाले असते, सोड, चल." तुम्ही म्हणाला असतात, मला ठाऊक आहे. पण आबा, खाडी माझ्या बाची नाही, तशी ती नासवणाऱ्यांच्या बाचीही नव्हती. मी निघाले तर खाडी उजाडच राहील, आणि उजाड खाडीत पुन्हा घाण सोडायला त्यांचंच फावेल. तिसऱ्या लागवडीतलं घोंगड्याएवढं गवत यंदा तगलंय. त्यात बारकी कोळंबी उड्या मारते. तुम्ही आधी विचारलं असतंत, "हे खाणार कोण?" आणि मग उकिडवं बसून एक पातं चघळून बघितलं असतंत.

सकाळी कॉलेजला नकार कळवला. धाकट्याला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, तो आत चहा टाकतोय. म्हणून आधी तुमच्याशी भांडून घेतलं.