हंड्यात काकवी घालण्याचा घटनात्मक प्रश्न

चि. कॉर्डेलिया हीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा असेल असं धरून चालते. नसेल तर दोष तुझाच, साठीनंतर ॲरिझोनाच्या उन्हात टेनिस खेळायला तुला कोणी सांगितलं नव्हतं. माझी तब्येत उत्तम आहे. इथल्या डासांचीही उत्तम आहे.

वडिलांच्या तळ्याकाठच्या घरी यंदा चार जुलैला काय झालं, ते एमॉस तुला फोनवर सांगेलच. आपला भाऊ सांगेल ते खोटं असेल, म्हणून हे पत्र.

त्या घरात दर उन्हाळ्यात भांडणं होतात हे तुला ठाऊक आहे (तू दूर गेलीस ती त्यासाठीच, हवेसाठी नव्हे). मी इतकी वर्षं हायस्कुलात राज्यघटना शिकवली, ती काय नुसती फळा पुसायला? मी घराची घटना लिहून काढली. आपण तिघं भावंडं म्हणजे तीन राज्यं. वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला एक मत, कनिष्ठ सभागृहात डोकी मोजून. एमॉसने लगेच मुलं, सुना, नातवंडं मोजली आणि शेवटी दोन्ही कुत्रीही धरली. कुत्री मी नामंजूर केली. तो म्हणाला, "विनी, तुझ्या राज्यात तू एकटी. माझी कुत्री निदान भुंकून मत तरी देतात." त्याला कार्यकारी प्रमुख केलं, कारण चूल पेटवता येते ती त्यालाच. न्यायाधीश मी, तहहयात. (या कलमावर चर्चा झाली नाही. मी होऊ दिली नाही.) घटनेत न लिहिलेले अधिकार ज्या त्या खोलीकडे राहतील, हे कलम मी मोठ्या कौतुकाने घातलं. तिथेच चुकलं.

तीन तारखेला दुपारी नेहमीप्रमाणे अंगणात खड्डा खणून निखारे केले. घेवड्याच्या दाण्यांचा आईचा बिडाचा हंडा रात्रभर त्यात पुरून शिजवायला तयार होता. इतक्यात एमॉसची लोरेटा (ती व्हरमाँटची. तिथले लोक दातही मेपलच्या पाकानेच घासत असतील) म्हणाली, यंदा काकवीऐवजी मेपलचा पाक घालू या. आईने जन्मभर त्या हंड्यात काकवीच घातली. माझ्या जिवात जीव आहे तोवर दुसरं काही पडणार नाही, असं मी न्यायाधीश म्हणून नव्हे, मुलगी म्हणून सांगितलं. एमॉस म्हणाला, "मग टाक मताला. घटना तुझीच ना?"

कनिष्ठ सभागृहात मेपल भरघोस मतांनी मंजूर. वरिष्ठ सभागृहात तो एक, मी एक, आणि तिसरं राज्य टेनिस खेळायला गेलेलं. ठराव अडला. मग संयुक्त समिती बसली. तिने निम्मी काकवी, निम्मा पाक सुचवला, तर एमॉसने नकाराधिकार वापरला. (लहान मुलाला शिट्टी मिळावी तसा तो अधिकार त्याला मिळाला होता. सकाळी भांडी घासण्यावरही वाजवून झाली होती.) त्यात पडवीतल्या खोलीने उरलेल्या अधिकारांचं कलम काढलं: धूर आमच्या हद्दीत येतो, परवानगी नाही. माडीवरच्यांनी ताबडतोब धुराला पाठिंबा जाहीर केला, कारण तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. लोरेटा शांतपणे म्हणाली, "वन्सं, ही घटना चुलीत घातली तर निदान चहाचं पाणी तरी तापेल." मी तिला सभागृहाची शिस्त समजावत होते, तेवढ्यात कोणीतरी खड्ड्यात डोकावलं. निखाऱ्यांची राख झाली होती.

देशाच्या वाढदिवशी आपल्या घरी खड्ड्यातले दाणे नाहीत, असं कधी झालं नव्हतं. एमॉसने आणीबाणीचा हुकूम काढून डबाबंद दाणे फोडले. डबाबंद, कॉर्डेलिया. आणि ते आईच्या हंड्यात ओतले. मी त्याच्यावर महाभियोग चालवला, पण साक्षी होईपर्यंत साक्षीदारांनी पुरावा खाऊन टाकला आणि त्याची सुटका झाली. फिर्यादी मी, न्यायाधीशही मी, तरी तो सुटला. आपली न्यायसंस्था किती स्वतंत्र आहे ते यावरून ओळख.

सप्टेंबरात कामगार दिनाला (जगाचा मे महिन्यात असतो, आपल्या देशाचा सप्टेंबरात) खड्डा पुन्हा पेटेल. गुडघा शेकत जा.

तुझी थोरली बहीण,
विनिफ्रेड

ता. क. टपालाने मत पाठवायला घटनेत मनाई नाही. मतपत्रिका सोबत आहे. तुला त्रास नको म्हणून काकवीपुढे खूण मीच केली आहे. तू फक्त सही कर.

ता. क. २. पाच तारखेला लोरेटाने लहान पातेल्यात मेपलचे दाणे शिजवून मागच्या दाराने आणून दिले. पातेलं मी घासून परत केलं, त्यामुळे आत किती उरले होते हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. तत्त्व म्हणून मत काकवीलाच दे.

ता. क. ३. खूण पेन्सिलीने केली आहे. पाकिटात खोडरबर सापडेल, तो चुकून पडला आहे.