सासरचा विमानतळ, माहेरचा विमानतळ

३ नोव्हेंबर

झाला बंद! नगरपालिकेच्या जुन्या विमानतळाला आज कुलूप. विमानं वर्षाकाठी दोन-चार, बाकी धावपट्टीवर आमच्या सासऱ्यांच्या मेंढ्याच. निरोपाची भाषणंही त्यांनीच ऐकली — साहेब बोलत होते, मेंढ्या लेंड्या टाकत होत्या.

नवा विमानतळ माझ्या माहेरच्या शेतावर. म्हणजे सासर जुन्याच्या कुंपणाला, माहेर नव्याच्या डांबराखाली. आणि मी अजून विमानात पाय ठेवलेला नाही!

५ नोव्हेंबर

माहेरी कळंबला वडिलांना, आबांना, भेटून आले. जमीन गेलेल्यांना पहिल्या विमानातून फुकट फेरी आहे. आबा येईनात. कारण? त्याच विमानात सावळारामकाका! सख्खे भाऊ, पण बांधावरून माझ्या लग्नाच्या आधीपासून कोर्टात भांडतायत. दोघांची शेतं गेली, बांधावरून रोलर फिरला, दोघंही परत कधी तिकडं फिरकले नाहीत. दावा मात्र जिवंत.

"त्यानं माझा हातभर बांध कोरलाय."

"आबा, तिथं आता विमान उतरणार."

"मग माझ्या बाजूनं उतरू दे!"

६ नोव्हेंबर

काका आबांबद्दल म्हणाले, "गेणू भ्यालाय." लगेच जाऊन आबांना सांगितलं. येतायत!

९ नोव्हेंबर

बसले! आणि जागा कुठं — शेजारी शेजारी. मी सोबत म्हणून मागं. दोघांची तोंडं दोन दिशांना. विमानानं जमीन सोडली तशी आबांनी काकांची मांडी गच्च धरली. काका भैरवनाथाचा धावा करत होते, त्यांना कळलंही नाही. मी हसले, मग मीही पुढची खुर्ची गच्च धरली.

लेण्याद्रीवरून वळलो. खाली आमचं शेत. म्हणजे डांबर. दोघंही एकाच खिडकीला नाक लावून. मला उगाच रडू आलं.

मग काका ओरडले, "गेणू! आपली चिंच बघ!"

"दिसली."

"विमानतळाच्या कुंपणाच्या आत हाय!"

"आत कशी? चिंचेकडचा तुकडा आपण कुठं दिला व्हता?"

"तेच म्हणतोय मी, येड्या!"

हवाईसुंदरी सांगत होती, पट्टे सोडू नका. ऐकतंय कोण? उतरेपर्यंत दोघं काचेवर बोटांनी मापं घेत होते. सत्काराच्या शालींनाही थांबले नाहीत.

११ नोव्हेंबर

आबा आणि काका आज एकाच जीपमधून कोर्टात गेले. एकमेकांवरचा दावा मागं घेतला. नवा ठोकला — दोघांनी मिळून, विमानतळावर!