बाइंडिंग ऐच्छिक आहे

२ जून
संकल्प: दहा दिवसांत आपली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोड, लिनक्सच्या अधिकृत संग्रहात. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर ती युनिकोडमध्ये बदलते. धारूरमधून असं काम पहिल्यांदाच होतंय. गावाला त्याचं काही नाही.
मूळ लायब्ररी सी भाषेत, माझी. ती पायथन भाषेतून वापरता यावी म्हणून जोडणारा कोड, म्हणजे बाइंडिंग, सुकन्यानं लिहिलं. बायको. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, हौस आहे. बाइंडिंग ऐच्छिक ठेवतोय, हवं त्यानं चालू करावं. ती म्हणाली, "कावून?" म्हटलं, पॅकेज हलकं राहतं. निव्वळ तांत्रिक कारण.

४ जून
बाइंडिंगचं वेगळं पॅकेज नंतर करू. मग या पॅकेजच्या लेखकांत तिचं नाव कशाला? काढलं. यादी सुटसुटीत दिसते.

८ जून, सकाळी ७
पाठवलं. उद्यापासून व्यायाम.

९ जून
लिनक्सच्या तपासनिसाचा मेल, दुरुस्तीला १५ तारखेची मुदत. बाइंडिंग बंद केलं की पॅकेज तयारच होत नाही म्हणे. माझ्याकडे होतं. परदेशात बसून शहाणपणा.

११ जून
शिवशंकरच्या फॉर्म भरायच्या दुकानात गेलतो. त्याच्या कॉम्प्युटरवर पायथन नाही. तिथंही पॅकेज बनताना अडलं. म्हणाला, "ते नसलं तर सारंच बंद पडतंय, मग ऐच्छिक कसलं बे?" कॉम्प्युटर जुना आहे त्याचा.
घरी येऊन शोधलं. कोणत्या जुन्या अक्षराला कोणतं नवं, हा तक्ता पॅकेज तयार होताना दर वेळी सुकन्याची पायथन स्क्रिप्ट बनवते. लक्षातच नव्हतं. चार महिने ती जुन्या प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन एकेक अक्षर जुळवत बसायची. मला वाटायचं, पेपर तपासतेय.

१२ जून
तक्ता हातानं करतोय. तासाभराचं काम.

१३ जून
'विद्यार्थी'चा 'विद्याथीर्' होतोय. इतकं बारीक कोण वाचतं.
व्यायाम राहिला.

१५ जून
मुदत आज संपणार. सुकन्याला विचारलं नाही, फक्त कानावर घातलं. पिठाचे हात धुऊन बसली. वीस मिनिटं. तिच्या स्क्रिप्टनं बनवलेला तयार तक्ताच पॅकेजमध्ये ठेवून दिला. आता पायथन लागतच नाही. मलाही हेच सुचणार होतं.
फाइली बघता बघता लेखकांच्या यादीपाशी थांबली. म्हणाली, "माझं नाव लई जड होत होतं का तुमाला?" पुढच्या आवृत्तीत टाकतो म्हटलं. ती उठली. कणीक मळता मळता म्हणाली, कडा गावच्या कॉलेजात जागा मिळतेय, आजच होकार कळवते, तिकडंच खोली बघीन. म्हटलं, आत्ता हा विषय कशाला, मुदत आहे.

२० जून
पॅकेज स्वीकारलं! तपासनिसानं तक्त्याचं खास कौतुक केलंय. इतकं नेटकं काम क्वचित दिसतं म्हणे. उत्तरात नम्रपणे आभार मानले.

२२ जून, रविवार
सुकन्या काल कड्याला गेली. पुस्तकं सगळी नेली. शिवशंकरनं विचारलं, वहिनी कधी येणार? दर शनिवारी, असं सांगितलं.
तसं ती काही बोललेली नाही.