काचेच्या कपाटातला पाइप

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, एकेचाळीस वर्षे तंबाखूचे लाकडी पाइप घडवून आता निवृत्त, माझ्यामागच्या व्यवस्थेचा हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्याला तो कमी वाटला तर त्याने माझ्याशी पाच मिनिटे वाद घालून पाहावा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मसुदा इंग्रजीत करू, असे वकीलबाई म्हणाल्या. इंग्रजी मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून शिकवले आहे, पण आमच्या घरात कानउघाडणी फक्त मराठीत कळते.

कलम १. रस्त्याकडचे दुकान माझ्या धाकट्या भावाचे आहे, त्यावर माझा हक्क नाही. मागचे वर्कशॉप आणि त्यावरच्या दोन खोल्या वडिलांनी माझ्या नावे केल्या होत्या. त्या मी भावाच्या सुनेला देत आहे. तिच्या नवऱ्याला नाही. तिला.

कलम २. माझ्या सगळ्या कानशी, गिरमिटे, लाकूड घट्ट पकडणारा शेगडा आणि फळीवर अकरा वर्षे वाळत ठेवलेले मुळाच्या लाकडाचे अठरा ठोकळेही तिलाच. सहा वर्षांपूर्वी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, मला कानस धरायला शिकवाल?" पहिला महिनाभर मी तिला नुसती धरायलाच लावली. तिने कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाली, "आतलं भोक एवढं गुळगुळीत कशाला? दिसत तर नाही कुणाला."

"धुराला दिसतं," मी म्हटले.

हे मी शिवणाच्या सिस्टरकडून शिकले. रुमालावर फूल भरून नेले की ती म्हणायची, "उलटा कर." मागे एक गाठ दिसली तरी सगळे उसवायला लावायची. तेव्हा मी तिला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या. आता बँकेतली माझी शिल्लक त्या शाळेच्या शिवणवर्गाला द्यावी.

कलम ३. "आत्या, आता तुम्ही आराम करा," असे गोड बोलून वर्कशॉपला कुलूप लावणाऱ्या पुतण्यास ते कुलूप, किल्लीसकट. दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होती आणि त्याची बायको माझ्याकडे आतच शिकत होती, हे त्याला यावरून कळेल. त्याने आणलेले लाखेचे डबेही त्याचेच. लाकडाला लाख फासणे म्हणजे माणसाच्या नाकातोंडावर उशी दाबणे.

कलम ४. आता भाऊ.

आमच्या प्रत्येक पाइपवर त्याच्या नावाचा शिक्का आहे. शिक्का एकच असावा, गिऱ्हाईक गोंधळायला नको, असे ठरले तेव्हा मीही मान हलवली होती. ती चूक माझी. पण एकतीस वर्षांपूर्वी प्रदर्शनात एका वाकड्या दांड्याच्या पाइपला पहिले बक्षीस मिळाले. तो पाइप मी सात आठवडे घडवला होता. वार्ताहराने माझ्याकडे बोट करून विचारले, "आणि या?" भाऊ म्हणाला, "ही माझी ताई. पॉलिश करते."

घरी आल्यावर मी त्याला धारेवर धरले. तो म्हणाला, "अगं ताई, घरातलंच तर आहे सगळं. तुझं काय, माझं काय!" मग त्याने पाइप काचेच्या कपाटात ठेवला, खाली स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि किल्ली खिशात घातली. घरातलेच सगळे, पण किल्ली त्याची. त्या दिवसापासून मी त्या पाइपला हात लावलेला नाही.

भाऊ आधी आकार काढतो आणि मग भोक पाडतो, कारण आकार बघायला लोक जमतात. त्यामुळे त्याच्या वाकड्या पाइपात भोक तंबाखूच्या वाटीच्या बुडाशी पोचतच नाही, मध्येच चुकते. साफ करायची लोकरी तार आत अडकते आणि पाइप ओढताना गुडगुडतो. मी आधी भोक पाडते आणि त्याच्याभोवती आकार कोरते. माझ्या पाइपात तार तोंडाकडच्या नळीतून शिरते ती थेट वाटीत डोके काढते.

म्हणून वकीलबाईंनी माझ्या पश्चात, वाटणीआधी, भावाला कपाट उघडायला लावावे. सोबतच्या पाकिटात एक नवी तार आहे. नळी न काढता ती भावाने स्वतःच्या हाताने पाइपात घालावी. अडकली, तर वरची सर्व कलमे रद्द समजावीत आणि माझे जे काही आहे ते त्याला द्यावे. आरपार गेली, तर त्याने जुनी पाटी काढून स्वतःच्या अक्षरात नवी लिहावी: "हा ताईने केला." तीनच शब्द आहेत. तेवढे जमतील त्याला.

"एवढी जोखीम?" वकीलबाईंनी विचारले.

"जोखीम कसली? भोक मी पाडलंय."

तो माझ्याआधी गेला तर काय, असेही त्यांनी विचारले. जाणार नाही. तो आयुष्यात कुठेही वेळेवर गेलेला नाही.

कलम ५. सध्या शेगड्यात आहे तो पाइप भावासाठी. त्याचा उजवा दात पडल्यापासून तो डावीकडून चावतो, म्हणून नळी त्या अंगाने चपटी केली आहे, आणि त्याचा अंगठा टेकतो तिथे वाटीला किंचित खोलगा दिला आहे. माप विचारावे लागले नाही. काम अर्धे राहिले तर सूनबाईने सर्वांत बारीक काचपेपर पाण्यात भिजवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा आणि शेवटी नुसते मेण लावून थांबावे. या पाइपवर शिक्का मारू नये. कोणाचाच. त्याला कळायचे ते कळेल.

वरील मजकूर मी वाचून, समजून, एकही शब्द मागे न घेता सही करत आहे.

सही: (माझी, स्वतःची)

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळणार नाही व ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. शेजारचे घड्याळजी (सही). शेरा: "तार मी आधी तपासली आहे. सरळ आहे."
२. समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई (सही)

ठिकाण: वर्कशॉप, माझे टेबल
दिनांक: सतरा नोव्हेंबर दोन हजार चोवीस