तारा न बसवल्याचा खुलासा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच; वाकायचा भाग भेटीत). इकडे सर्व क्षेम. तिकडे नव्या नोकरीच्या गावी तुझा खोकला आणि तुझा साहेब, दोघेही नरमले असतील अशी आशा.

लेकीच्या दातांना ताबडतोब तारा बसवाव्यात, अशी तुझी आज्ञा होती. आज्ञाभंग झाला आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ वर्षांच्या पोरीचे नवे दात म्हणजे ओला गिलावा. वरचं कवच अजून पुरतं पक्कं नसतं. तारांभोवती अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचला नाही तर महिन्याभरात खडूसारखे पांढरे डाग पडतात, आणि तारा निघाल्या तरी डाग मुक्कामाला राहतात. काही मुलांना लवकर तारा लागतातच. हिला दोन वर्षं थांबून चालेल. मी म्हटलं, आमची भाची म्हणजे स्वच्छतेची मूर्ती. बाईंनी मूर्तीच्या परीक्षेसाठी लाल गोळ्या दिल्या. ब्रश करून गोळी चघळायची. जिथे मळ राहिला तिथे दात लाल.

गुरुजनांनी कित्ता घालून द्यावा म्हणून पहिली गोळी मी चघळली. ताई, बारा वर्षं पोरांचे संस्कृत उच्चार शुद्ध करणाऱ्या या मुखात शुद्ध जागा दोनच निघाल्या. "मामा, तू ब्रश करतोस की दातांना नुसता दाखवतोस?" इति भाची. तो रंग लगेच जात नाही, हे ज्ञान मला वर्गात झालं. मागच्या बाकावरून विचारणा झाली, "सर, कुणाला चावलात?" (त्या बाकाने वर्षात विचारलेला हा पहिलाच प्रश्न, म्हणून रागावलो नाही.)

महिनाभर आम्ही दोघं सकाळ-रात्र बेसिनपाशी खांद्याला कोपर लावून उभे राहतो. तिचा लाल रंग आता एका दाढेमागे उरलाय. माझाही माघार घेतोय. बाई खूश आहेत. तारा मात्र दोन वर्षांनीच.

तुझा आज्ञाभंगी भाऊ

ता. क. खरं म्हणजे हे पत्र दातांसाठी नाहीच. निघताना तू तिला म्हणालीस, "तुझे दात सरळ झाले की मी आलेच." तिने ते शब्दशः धरलंय. तारा लांबल्याचं ऐकून ती बाईंच्या खुर्चीतच रडली: "मग आई दोन वर्षं येणारच नाही?" तू सहा महिन्यांनी येणार, हे मी सांगून पाहिलं. मामाचा शब्द चालत नाही. तेव्हा तिला तुझ्या हाताने तारीख लिहून पाठव, आणि त्या पत्रात दात हा शब्द नको.

ता. ता. क. वरचं तिने खांद्यावरून वाचलं. म्हणते, तारीख रविवारची असू दे, शाळा बुडायला नको. मी म्हटलं, बुडव. (गुरुजनांचा कित्ता.)