शेपटीतलं लिंबू

प्रिय अक्का,

आयुधपूजा झाल्यापासून तुला लिहायचं टाळतोय. पेन धरलं की चहा आठवतो, चहाला गेलो की कुणीतरी भेटतं, आणि त्याच्याबरोबर मी भलतीकडेच निघून जातो. फोन केला असता, पण आप्पांचं नाव काढलं की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. कागद ठेवलास तरी परत उचलशील.

मी टी. नरसीपूरला माझ्या मित्राच्या, गुरुराजच्या खोलीवर आहे. इथे नदीत म्हशी अशा डुंबतात ना... राहू दे, ते नंतर.

आप्पांनी विमान केलं, अक्का. रिमोटवर उडणारं, लढाऊ. मेटगळ्ळीच्या कारखान्यातली नोकरी सुटली आणि हात स्वस्थ बसेनात, एवढंच मला वाटलेलं. फोम काप, लाकूड घास, वर्षभर माडीवर खुडखुड. रंग दिला तेव्हा मात्र मी बघतच राहिलो. तू बीदरला ज्याच्यावर उडायला शिकतेस तेच, हॉक. मी म्हटलं, "आप्पा, हे तर अक्काचं!" तर म्हणाले, "सुम्ने इरो! गप बस. फोटो बघून केलंय." तू एअरफोर्समध्ये गेल्यापासून त्यांनी एकदाही 'सौम्या' असं तुझं नाव घेतलेलं नाही. घराण्याच्या तलवारीला मुलींनी हातसुद्धा लावायचा नाही म्हणणारा माणूस तो.

आणि यंदा पूजेला तलवारीशेजारी विमान! इंदिरा आत्यानं कुंकू लावलं, झेंडू वाहिला, चाकांपुढे लिंबं ठेवली, आणि वर टोमणा, "पोरीला घालवलंस, आणि तिचं विमान पाटावर बसवलंस होय रे रणोजी?" आप्पांनी विमान उचललं आणि निघाले.

बन्नूरच्या वाटेवर एक मोकळं रान आहे, तिथे गेलो. आत्याही आली, नको म्हटलं तरी. आदल्या संध्याकाळी आप्पांनी पंखांखाली दोन बोटं धरून तोल पाहिला होता, अगदी बरोबर होता. विमान धावलं, उठलं, मी ओरडलोच. आणि लगेच त्याचं नाक वर, आणखी वर, जसं कुणी शेपूट धरून खाली ओढतंय. हवेत उभंच राहिलं ते. तेव्हा आप्पा ओरडले. रिमोट हातात, पण ओरडले विमानाला, "सौम्या! नाक खाली घे गं! सौम्या, नाक खाली!"

विमान पडलं. फोमचे तुकडे उडाले. आप्पांचे अंगठे रिमोटवर चालूच होते.  त्यांची ती हाक अजून माझ्या कानात आहे. आपल्या आप्पांना असा आवाज आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

तुकडे गोळा करताना शेपटीच्या पोकळ नळीत लिंबू सापडलं. आत्यानं कपाळ बडवलं, "अय्यो, दृष्ट लागू नये म्हणून मीच ठेवलं की रे!" एवढ्याशा लिंबानं शेपूट जड होऊन तोल गेला होता. वाटलं, आता आप्पा तिला फाडून खातील. ते रागावलेच नाहीत. लिंबू हातात घेऊन मातीत बसले आणि मला विचारलं, "उडायच्या आधी तिचं विमान कोण तपासतं रे?"

मला काय माहीत, अक्का? मी शाळेत धड टिकलो नाही. त्यांना तसं मातीत बसलेलं बघवेना, म्हणून मिळेल ती बस धरून इकडे पळालो. ते त्या दिवसापासून धड जेवत नाहीत, असं आत्या फोनवर सांगते. म्हणून हे पत्र. तू त्यांना फोन कर आणि फक्त एवढंच सांग, कोण तपासतं ते. बाकी काही बोलू नकोस, हवं तर. पण हे

थांब, दार वाजलं. अक्का, आप्पा आलेत! आत्याला मी फक्त गाव सांगितलं होतं, या खोलीचा पत्ता कुणाला दिलेला नव्हता; दारोदार विचारत आले असणार. घामाघूम झालेत, पाणीसुद्धा नको म्हणतात. उंबऱ्यातच उभे राहून विचारतायत, बीदरला जायला गाडी कुठून मिळते.

तुझाच, तुझ्याकडेच निघालेला,
शरत