इमामबीच्या चुलीपाशी सुरू होणारा जिना

शनिवार पेठ, कोल्हापूर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८२७

बालमित्र आकाराम यांस,

नबीलालचा सलाम, आणि त्याच्या मागोमाग रामराम. दोन्ही पाठवतो आहे, एखादा शाहूवाडीच्या वाटेवर सांडला तर दुसरा तरी पोहोचावा. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरतो तो यंदा कसा आहे? चिमणाबाई वहिनींना माझा आदर सांग. ढवळ्याच्या खांद्याचं गळू बसलं असेलच. (मी त्याच्यासाठी दिलेलं मलम तू स्वतःच्या टाचांना लावलंस हे मला कळलं आहे, पण तो विषय आज काढत नाही.) भाताची मळणी आटोपत आली असेल. इकडे सर्व खुशाल आहे. खुशाल म्हणजे रमजान चालू असून मी जाडा झालो आहे आणि नजीरा माझ्याशी बोलत नाही. एरवी ठीक.

मी श्रावणात घर घेतलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. लग्नापासून नजीरा थोरल्या भावजयीच्या हाताखाली रांधत होती, आणि स्वतःची चूल हवी एवढं एकच तिचं मागणं होतं. महाराज सरकारांच्या पागेत खोगिरं शिवून मी जे गाठीला बांधलं होतं, ते सोडलं आणि केरबा नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचं दुमजली घर विकत घेतलं. वर माडी, खाली पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर. त्या मागच्या भागात इमामबी नावाची एक विधवा म्हातारी बऱ्याच वर्षांपासून भाड्याने राहते. तिथंच रांधते, तिथंच निजते, दिवसभर लोकांच्या वाकळा शिवते. केरबा म्हणाला, बाई देवमाणूस आहे, तिचा काही त्रास नाही. तेव्हा असं ठरलं की तिने मागे राहावं, माडीवर आम्ही राहावं, आणि सोप्यात मी खोगिरं शिवावीत. (सोपा मला लागतोच. कातडं पसरायला जागा हवी, उजेड हवा. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतंच.)

आता तू विचारशील, घर घेण्याआधी डोळे उघडून पाहिलं नव्हतंस का? पाहायला गेलो होतो ना. पण मी दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून इमामबी म्हणाली, "पावणं, उभं का? बसा की. उपाशी पोटानं कुणी घर बघत्यात व्हय?" आणि ताट पुढे आलं. ताटात मटणाचा रस्सा होता. आकाराम, तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? मी छताकडे पाहिलं तेव्हा माझ्या तोंडात नळी होती, आणि भिंत ठोकून बघायची तर हात मोकळा नव्हता. दुसरी भाकरी संपता संपता मी केरबाला होकार दिला. घर मी पाहिलं नाही, जेवलो.

राहायला आल्यावर पोट रिकामं असताना दोन गोष्टी दिसल्या. एक, माडीची जमीन म्हणजे नुसती लाकडी फळ्यांची तक्तपोशी आहे, तिच्यावर चूल मांडली तर पहिल्याच दिवशी आपण घरासकट खाली येऊ. दुसरी, माडीचा जिना इमामबीच्या चुलीपाशी सुरू होतो. वर जायचं तर तिच्या तव्यावरून, खाली यायचं तर तिच्या पातेल्यावरून. आणि त्या बाईचा स्वभाव असा की तिच्या चुलीपुढून कुणी रिकाम्या तोंडानं गेलेलं तिला खपत नाही. सकाळी पागेत जायला उतरलो की भाकरी आणि वांग्याची भाजी. परत आलो की घुगऱ्या. पाण्याची घागर विसरली म्हणून पुन्हा उतरलो तर गुळाची पोळी. (मी ती घागर एकदोनदा मुद्दाम विसरलो, हे वहिनींना सांगू नकोस.)

इकडे नजीरा माडीच्या सज्ज्यात शेगडी पेटवून, धुरानं डोळे चोळत स्वयंपाक करायची, आणि मी पोटावर हात फिरवत वर यायचो. पहिले काही दिवस तिनं सोसलं. मग एके दिवशी माझ्यासाठी केलेली भाकरी तिनं गल्लीतल्या म्हशीला घातली आणि म्हणाली, "माझ्या हातचं ह्या घरात कुणी खाईना. मग ह्ये घर माझं कसं? ईदीपातूर मला चूल द्या, न्हायतर मी बिद्रीला भावाकडं चालले." नजीरा बोलते थोडं, पण बोललेलं करते, हे तू जाणतोस. बिद्रीचं नाव निघाल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. (भरलेल्या पोटात तो कसा पडला ते माहीत नाही.)

म्हणजे इमामबीला जागा सोडायला सांगणं आलं. मी काही भिडस्त माणूस नाही. पागेतल्या लाथाळ घोड्याला मी पट्टा घालतो, तर एका म्हातारीला चार शब्द सांगणं काय अवघड? पण ज्याचं मीठ खाल्लं त्याला त्याच बैठकीत 'ऊठ' म्हणायचं नाही, ही रीत तुमच्यातही आहे आणि आमच्यातही. मी सांगायला जायचो, ती वाढायची, मी खायचो, आणि तोंड पुसून वर यायचो. एकदा तर जेवून उठल्यावर मी तिलाच विचारलं की तुम्हाला इथं काही कमी तर नाही ना. हे माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे.

म्हणून मी रमजानची वाट पाहिली. म्हटलं, रोजा असताना भर दुपारी जाऊ, बघू कशी वाढते ती! पहिल्याच शुक्रवारी नमाज करून आलो तो थेट तिच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. चपलाही काढल्या नाहीत, म्हणजे बसण्याचा प्रश्नच मिटला. घसा खाकरला. तिनं वाकळेतली सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तोंडावरनंच दिसतंय, काय तरी वाकडं बोलायचं हाय. रोज्यात वाकडं बोलू ने बाबा. सांजंला या, रोजा सोडा आणि मग बोला." धर्माचीच गोष्ट काढल्यावर मी काय करणार? संध्याकाळी गेलो. मशिदीतून अजान झाली आणि तिनं रोजा सोडायला माझ्या तळहातावर काय ठेवलं असेल? मीठ! चिमूटभर मीठ, आपल्या हातानं. मी ते चाटलं आणि गप्प बसलो. मग खजूर, मग भजी, मग खिमा. जिना चढताना मला धाप लागली होती.

असो. पण तुझा मित्र हार खाणारा नाही. मी तोंडानं बोललो नसलो तरी चेहरा असा काही ठेवला की काल तिनं स्वतःच विषय काढला. म्हणाली, "ईद झाली की मी बादशहाकडं जाते, कसबा बावड्याला. तुमचं त्वांड बघवंना मला." बादशहा तिचा भाचा, तिकडे शेतमजुरी करतो. त्याचं घर लहान आहे आणि पोरं बरीच आहेत, पण तो त्यांचा प्रश्न झाला. तेव्हा एकही वावगा शब्द न बोलता मी हे प्रकरण कसं मिटवलं ते पाहा. आता तू ईदीच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन ये. तिचं जातं, हंडे आणि वाकळांचा ढीग बावड्याला पोहोचवायचा आहे.

आईंना माझा सलाम, तुला गळाभेट, ढवळ्याच्या पाठीवर एक थाप. कमीजास्त लिहिलं असेल तर मनात ठेवून घे, परत पाठवू नकोस.

तुझा
नबीलाल

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं, आणि मधल्या काळात थोडा फरक पडला आहे. म्हातारीनं हंडे बांधायला घेतलेले नजीरानं पाहिले आणि म्हणाली, जाणाऱ्या माणसाला एक दिवस तरी आपण जेवू घालावं. काल रोजा सोडायच्या वेळी तिला माडीवर बोलावलं. शेगडीवरची डाळ करपली होती. इमामबी ताटासमोर बसली आणि घास उचलेचना. मला वाटलं, करपल्याचा वास आला असणार. थोड्या वेळानं ती नजीराला म्हणाली, "घरधनी गेल्यापास्नं मला कुणी वाढून दिलं न्हवतं गं." आणि रडत रडत जेवली. करपलेली डाळ तिनं दोनदा मागून घेतली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? जेवणं झाल्यावर नजीरा खाली गेली आणि बांधलेले सगळे हंडे तिनं सोडून पुन्हा फळीवर लावले. तेव्हा म्हातारी जात नाही.

ता. क. दुसरा. गाडी मात्र आणायचीच आहे, आणि रिकामी नको. तुमच्याकडची तांबडी चिकण माती भरून आण. ईदीनंतर नजीराची चूल सोप्यात मांडायचं ठरलं आहे. (कुणी ठरवलं ते विचारू नकोस, मला फक्त सांगण्यात आलं.) चुलीच्या धुरात कातडं राहत नाही, म्हणून ईदीपर्यंत सोपा रिकामा करून द्यावा असा मला निरोप आला आहे. निरोप इमामबीनं दिला, वाढता वाढता.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. गंगावेशीत तुझ्या मेव्हण्याची गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे, असं तू दसऱ्याला म्हणाला होतास. ती मला खोगिरं शिवायला भाड्याने मिळेल का? त्याला म्हणावं, माणूस गरीब आहे, दिवे लागायच्या आत कुलूप लावून घरी जातो. येताना किल्ली घेऊनच ये, कारण आज दुपारी एक फेरीवाला दारात आला आणि हे घर कुणाचं म्हणून विचारू लागला. मी काही बोलायच्या आत नजीरा आतून म्हणाली, "आमचं हाय. इमामबीचं आन माझं." घर घेतल्यापासून या घराला 'आमचं' असं ती आज पहिल्यांदा म्हणाली. कागदावर नाव माझं आहे. पण मी कातडी गुंडाळायला घेतली.